काळा आजार आणि सलाईनचं वैर

पुण्यात काळा आजार स्थानिक नाही. पण बिहार-झारखंडमधून बांधकामावर आलेल्या मजुराला लांबलेला ताप आणि वाढलेली प्लीहा असेल, तर त्याचं मूळ गाव विचारायलाच हवं.

या आजाराचा लिशमानिया परजीवी यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींतच दडून बसतो. यावरचं औषध अॅम्फोटेरिसिन लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत, भरून देतात. लायपोसोमच्या १०० नॅनोमीटरहून लहान कणांना याच भक्षक पेशी गिळतात, म्हणजे औषध आपसूक शत्रूच्या घरात. म्हणूनच साध्या अॅम्फोटेरिसिनच्या दिवसाआड १५ डोसांऐवजी लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा किलोमागे १० मिलीग्रॅमचा एकच डोस पुरतो. ५० किलोच्या रुग्णाला ५० मिलीग्रॅमच्या १० कुप्या लागतात.

प्रत्येक कुपीत १२ मिली निर्जंतुक पाणी घालून लगेच ३० सेकंद जोरात हलवा. हळुवार हलवलं तर गुठळ्या राहतात. मग ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळा आणि साधारण दोन तासांत द्या. सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, इथे अजिबात चालत नाही, औषधाचा साका होऊन खाली बसतो. आधी त्याच नळीतून सलाईन गेलं असेल, तर नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या किंवा नवी लावा.

सर्वांत घातक चूक नावातली. साधं अॅम्फोटेरिसिन किलोमागे १.५ मिलीग्रॅमच्या पुढे कधीच जाऊ नये. लायपोसोमलचा डोस साध्याच्या कुपीतून दिला तर हृदय थांबू शकतं. कुपीवरचं लेबल दोघांनी, मोठ्याने वाचा.

रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) तपासत राहा. आरके३९ चाचणी (काळ्या आजाराची प्रतिपिंडं शोधणारी) मात्र बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येते. तिच्यावरून उपचार फसला असं ठरवू नका.