कोरी करवत

माझ्या जवळजवळ सगळ्या पँटींच्या उजव्या खिशावर बोटभर लांबीचा एक पांढुरका पट्टा आहे. नवखा माणूस त्याला डाग समजतो. तो डाग नाही, झीज आहे. आत चाकू असतो आणि रोज चालता-बसता कापडाला आतून घासून त्याने स्वतःचं चित्र बाहेर उमटवलं आहे.

चाकू लाल, घडीचा, मिटलेला असताना ९१ मिलिमीटर. सगळं जग ज्याला स्विस आर्मी नाइफ म्हणतं तो. एकोणीस वर्षं झाली. चकाकी केव्हाच गेली, किल्ल्यांच्या संगतीने अंगभर ओरखडे उठले. मुठीवरच्या ढालीच्या आकाराच्या चिन्हाचा एक कोपरा किंचित उचलला आहे आणि विचार करताना त्यात अंगठ्याचं नख अडकवून बसायची मला सवय आहे. विचार करत नसतानाही.

खिशात चाकू ठेवणाऱ्या माणसाला दोन वाक्यं आयुष्यभर ऐकावी लागतात. पहिलं, 'हा कशाला लागतो रे तुला?' आणि दुसरं, 'जरा दे ना तो.' बहुतेक वेळा दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात, अर्ध्या तासाच्या अंतराने. घरात तर आता वाक्यही लागत नाही. पार्सल आलं की मुलगी नुसता हात पुढे करते, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरसारखा.

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी कधी कोणाला दिलेलं नाही, कारण ते थोडं लाजिरवाणं आहे. चाकू घेताना माझ्या डोळ्यांसमोर जे आयुष्य होतं त्यात जंगल होतं. तंबू होता. वादळात आडवी पडलेली फांदी होती, आणि 'आता काय करायचं?' असं सगळे एकमेकांना विचारत असताना शांतपणे खिशात हात घालणारा मी होतो. म्हणून मी मुद्दाम करवत असलेला चाकू निवडला. लाकूड कापायची करवत, दुहेरी दातांची, बघूनच अंगावर काटा यावा अशी.

ही करवत परवापरवापर्यंत कोरी होती.

झिजलेल्या चाकूची हीच गंमत आहे की तो सगळीकडे सारखा झिजत नाही. जिथे तुमचं आयुष्य लागतं तिथे झिजतो, जिथे नुसती हौस होती तिथे चकचकीत राहतो. डायरीत माणूस थापा मारू शकतो, चाकूत नाही. माझ्या चाकूत सर्वांत जास्त झिजलेलं हत्यार आहे ते डबा फोडायचं. मी आयुष्यात मोजून चार डबे फोडले असतील. पण त्या फोडणीच्या टोकाला तीन मिलिमीटरचा चपटा स्क्रू ड्रायव्हर काढलेला असतो आणि तो फुलीच्या स्क्रूतही बरोबर बसतो. खेळण्यांच्या बॅटरीची झाकणं, रिमोट, स्विचबोर्ड, ढिली झालेली कढईची मूठ. त्या टोकाच्या कडा आता साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या आहेत. त्यावरून कोणीही सांगू शकेल की या गृहस्थाने वादळाशी कमी आणि बॅटरीच्या झाकणांशी जास्त झुंज दिली आहे.

बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री स्क्रू मी बुटांच्या नाड्यांच्या गाठी सोडवायला वापरतो. घट्ट गाठीत त्याचं टोक घालून हलकेच फिरवलं की गाठ सैल होते. नखांनी ओढून जे होत नाही ते दोन वळशांत होतं. त्या मळसूत्राच्या पोकळीत आणखी एक, गव्हाएवढ्या डोक्याचा पेचकस फिरवून बसवता येतो, चष्म्याच्या पेचासाठी. पन्नाशीजवळ आलेल्या माणसाला तंबूपेक्षा तो जास्त उपयोगी. चिमटा काट्यांसाठी. दातकोरणं मात्र सगळ्यांत आधी हरवतं. सध्याचं पाचवं आहे.

आणि खालच्या बाजूला एक आकडा आहे. तो कशासाठी ते मला पहिली सहा वर्षं माहीत नव्हतं. दोरीने बांधलेलं जड पुडकं उचलताना दोरी बोटांत रुतू नये म्हणून तो दोरीत अडकवायचा आणि चाकू मुठीत धरायचा. म्हणजे चाकूचीच मूठ होते. हे कळल्यापासून दोरीने बांधलेलं पुडकं माझ्या वाट्याला आलेलं नाही.

हा चाकू मुळात जन्माला आला तोही असल्याच साध्या कटकटींतून. स्विस सैन्याला नवी रायफल मिळाली होती. ती खोलायला पेचकस हवा, आणि शिधा डब्यात बंद, म्हणून डबाफोडणीही हवी. एक पातं, एक टोच्या, एक फोडणी, एक पेचकस, बस्स. हे चाकू आधी जर्मनीतल्या झोलिंगेनहून येत. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावातल्या कार्ल एल्सेनरला ते बरं वाटेना; १८९१ मध्ये त्याने स्वतः सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि जवळजवळ दिवाळं काढून घेतलं. तरीही तो थांबला नाही. १२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्यात खरी करामत होती ती स्प्रिंगची. तोवर साधारण एका बाजूच्या पात्यांना पाठीमागची स्प्रिंग रेटून धरायची. एल्सेनरने तीच स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या हत्यारांना कामाला लावली. जाडी तेवढीच आणि हत्यारं जास्त. मळसूत्र त्यातच आलं. सैन्याला मात्र ते युद्धोपयोगी वाटलं नाही, त्यामुळे अधिकाऱ्यांनी आपापले चाकू पदरमोड करून घेतले. म्हणजे ज्याला आपण फौजी चाकू म्हणून मिरवतो तो मुळात साहेबांनी हौसेने घेतलेला. हे वाचल्यावर मला माझ्या करवतीबद्दल थोडं बरं वाटलं.

पुढे एल्सेनरची आई गेली तेव्हा त्याने तिचं व्हिक्टोरिया हे नाव कारखान्याला दिलं, आणि न गंजणारं पोलाद आल्यावर त्याला 'इनॉक्स' जोडून व्हिक्टोरिनॉक्स केलं. त्यामुळे माझ्या पात्याच्या बुडाशी, दिसेल न दिसेल अशा अक्षरांत, कोणाच्या तरी आईचं नाव आहे. धार लावताना ते पुसलं जाऊ नये याची मी काळजी घेतो.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत एक मल्टिटूलही असतं, पक्कडवालं. ते खिशात मावत नाही. मावतं, पण मग पँट एका बाजूला कलते. त्याची जन्मकथा मला फार आवडते. १९७५ साली टिम लेदरमन नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर बायकोसह जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी सारखी बिघडायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे आणि खिशात होता साधा चाकू. तो चाकू सगळं करी, पण धरत काही नसे. पक्कड हवी होती. घरी परतल्यावर त्याला वाटलं, महिनाभरात नमुना तयार होईल. लागली तीन वर्षं. मग तो तयार नमुना घेऊन दारोदार फिरला. चाकूवाले म्हणाले, हे अवजार आहे. अवजारवाले म्हणाले, हा चाकू आहे. १९८३ मध्ये पहिली मागणी येईपर्यंत हे विळ्या-भोपळ्याचं भांडण त्याला पुरलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. मल्टिटूलमधलं एकही हत्यार त्याच्या जातीतलं उत्तम नसतं. पक्कड दाबली की मुठींच्या कडा तळहातात रुततात, पेचकस हवा तेवढा खोल पोचत नाही, कानस नखं घासण्यापलीकडे फारशी जात नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण धड असलेली पक्कड घरी, माळ्यावरच्या पेटीत, आणि तुम्ही इथे, बंद पडलेल्या सायकलपाशी. तेव्हा या चिंध्याच कामाला येतात. १९९५ मध्ये अवकाशयानातून रशियाच्या 'मीर' अवकाशस्थानकाशी जोडणी झाल्यावर कॅनडाचा अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्डला पुढचा दरवाजा उघडेना. बांधणाऱ्यांनी पट्टे जरा जास्तच मन लावून बांधले होते. अखेर खिशातला स्विस चाकूच पुढे झाला. अवकाशातसुद्धा अडचण निघाली ती पार्सलाचीच.

धार लावणं हा माझा रविवारचा उद्योग. जाणकार मंडळी माझ्या पात्याला नाकं मुरडतात, कारण पोलाद मऊ. कठीणपणा मोजायच्या रॉकवेलच्या मापावर ५६ च्या आसपास. त्यांच्या भारी चाकूंचे आकडे साठीच्या पुढचे. मऊ पोलादाची धार लवकर उतरते हे खरं, पण ती दहा मिनिटांत परतही येते. निसण्यावर पाण्याचे चार थेंब, पातं पंधरा-वीस अंशांत तिरपं धरायचं आणि एका बाजूने घासत राहायचं, पलीकडच्या कडेला बोटाला खरखर लागेपर्यंत. मग दुसरी बाजू. मग हलक्या हाताने दोन्हीकडून ती खरखर काढून टाकायची. हात घाई करत असेल तर कोन हलतो आणि कोन हलला की पातं लगेच सांगतं. एकोणीस वर्षांच्या या लाडांमुळे नव्या चाकूशेजारी ठेवलं तर माझं पातं पथ्यावर असल्यासारखं दिसतं. पोटाकडची गोलाई गेली, टोक खाली झुकलं.

टोकाला आणखी एक इतिहास आहे. एका स्नेह्याने चाकू मागितला, मी दिला, आणि त्याने त्यात पेचकस असताना पात्याने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. 'टक्' असा लहानसा आवाज झाला. 'काही नाही, थोडंसंच गेलं,' तो म्हणाला. गेलेलं टोक घासून पुन्हा काढायला मला तीन रविवार लागले. तेव्हापासून कोणी चाकू मागितला की मी विचारतो, 'काय करायचंय? मी करून देतो.' लोकांना हा परोपकार वाटतो.

एकदा मात्र तो जाता जाता वाचला. विमान पकडायचं होतं आणि दारापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की चाकू खिशातच आहे. २००१ च्या सप्टेंबरनंतर बहुतेक ठिकाणी विमानात खिशातल्या चाकूला जागा उरलेली नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेने सहा सेंटिमीटरपर्यंतची लहान पाती चालू द्यायचं ठरवलं होतं, पण विमान कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि तीन महिन्यांत तो बेत गुंडाळला गेला. माझं पातं तसंही त्यात बसलं नसतं. १७९८ मध्ये एका जर्मन पंडिताने गमतीने 'पातं नसलेला आणि मूठ हरवलेला चाकू' अशी एक वस्तू यादीत घातली होती. सुरक्षारक्षकांनी बिनतक्रार सोडावा असा तो एकच चाकू.

सामान आधीच आत गेलं होतं. टाकून द्यायला हात होईना. शेवटी इमारतीबाहेर शोभेच्या झाडांच्या मोठ्या कुंड्या होत्या, त्यातल्या डावीकडून तिसरीत मी तो रुमालात गुंडाळून पुरला. हे शहाणपणाचं नव्हतं, मान्य आहे. चार दिवसांनी परत आलो आणि बॅगा बायकोच्या ताब्यात देऊन कुंडीत हात घातला. नव्हता. बायको जरा लांब सरकून उभी राहिली, ओळख नसल्यासारखी. मग लक्षात आलं की जाताना इमारत समोर होती आणि आता पाठीशी. उजवीकडून तिसरी. त्या मातीचा एखादा कण अजूनही बिजागरीत असावा. तेल घातलं तरी मोठं पातं मिटताना मध्येच एकदा कुरकुरतं.

फ्रेंच भाषेत जानोचा चाकू म्हणून एक बोलण्याची तऱ्हा आहे. जानोने चाकूचं पातं पंधरा वेळा बदललं, मूठ पंधरा वेळा बदलली, तरी तो म्हणायचा की चाकू तोच. माझ्याकडे चिमटा तिसरा, दातकोरणं पाचवं, कात्रीची स्प्रिंग दुसरी. मुलगी म्हणते, 'बाबा, हळूहळू सगळाच नवा होईल बघ.' पण कुरकुर तीच आहे, नख अडकवायचा कोपराही तोच. आणि करवत तर मुळातली, हात न लागलेली.

गेल्या महिन्यात पडद्याची लाकडी दांडी दोन बोटं लांब निघाली. सुतार येणार होता, आला नाही. पाहुणे मात्र येणार होते. मी स्टुलावर बसून दांडीकडे पाहत होतो. नेहमीप्रमाणे मोठं पातं उघडलं, मिटलं, उघडलं. 'बाबा,' मुलगी म्हणाली, 'त्यात करवत आहे ना?'

नख लावलं तर ती उघडेना. इतक्या वर्षांत स्प्रिंगला तिची ओळखच राहिली नव्हती. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा नख तुटलं आणि करवत बाहेर आली. मुलीने दांडीचं एक टोक धरलं, मी दुसऱ्यावर गुडघा ठेवला. चार मिनिटं. काप इतका सरळ आला की दोघंही आळीपाळीने त्यावरून बोट फिरवत बसलो. पडदा लागला; पाहुण्यांनी तो पाहिला की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना बायकोने पँटचा खिसा उलटा केला. 'हा भुसा कसला?'

'लाकडाचा,' मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो.