पाइनफोनवर ऐकायचं कशात?

आजची सुट्टी सत्कारणी लागली. पाइनफोनसाठी, म्हणजे माझ्या लिनक्सवाल्या फोनसाठी, प्लेअर शोधत बसलो होतो! पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्सवर प्लेअरचा दुष्काळ नाही, डेस्कटॉपवरचे बरेचसे उतरतात. बोटाने वापरायला गेलं की खरी गंमत. एकाची सेटिंगची खिडकी एवढी रुंद, की 'ओके'चं बटण स्क्रीनच्या बाहेर. एमपीव्ही लॅपटॉपवर माझा जीव की प्राण, पण त्याचा बराचसा कारभार कीबोर्डवर. लॉलीपॉप उभ्या स्क्रीनवर नीट बसतो, मात्र गाणी लावतो टॅग (फाइलमध्येच नोंदलेलं गाण्याचं, कलाकाराचं नाव) वाचून. माझ्याकडे कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं, टॅगच्या नावाने बोंब. सगळे बुवा एकजात 'अज्ञात कलाकार'!

शेवटी ॲम्बरॉल ठेवला. लायब्ररीची भानगडच नाही, फोल्डर दिला की वाजवतो. कव्हरच्या रंगाप्रमाणे खिडकीचा रंगही बदलतो, हे उगाचच आवडलं. व्हिडिओला क्लॅपर, तोही ७२०पीपर्यंतच. ऑलविनर ए६४ प्रोसेसर आणि २ जीबी रॅमचा किती अंत बघायचा?

आणि हो, हेडफोनमधून आवाज येत नसेल तर प्लेअरला शिव्या घालण्याआधी मागचं झाकण काढून सहावा स्विच बघा. तो बंद असला की हेडफोन जॅकचा सीरियल पोर्ट (फोन तारेने संगणकाला जोडून त्याचे संदेश बघायची जागा) होतो.