कॅश टॅली झाल्यावरची भजी

बँकेत कॅशियर असल्यामुळे कागद टाकवत नाही. दरवर्षीच्या आरोग्य तपासणीच्या चिठ्ठ्या एका फाइलीत लावलेल्या होत्या. 1998ला नोकरीला लागलो तेव्हा 58 किलो, 2023मध्ये 79. उंची 168 सेंटिमीटर. कंबर 98, आणि आपल्याकडच्या पुरुषांना 90च्या आत हवी म्हणतात.

माझं स्पष्टीकरण तयार होतं: चाळिशी उलटली, चयापचय मंदावलं. सांगलीतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ते पहिल्याच भेटीत खोडलं. 2021मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात 6,400हून जास्त लोकांचा अभ्यास आला होता. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळपास स्थिरच राहतं, असं त्यात निघालं. म्हणजे तो बहाणा मला आणखी दहा वर्षं तरी वापरता येणार नव्हता.

मग मी आकडेमोड केली, सवयच ती. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 21 किलोला 25 वर्षांनी भागलं, तर दिवसाला जेमतेम 18 कॅलरी शिल्लक पडल्या. एका ग्लुकोज बिस्किटाएवढ्याही नाहीत! बाई हसल्या. म्हणाल्या, “एवढा साधा हिशेब नाही. शरीर जड होतं तसा त्याचा रोजचा खर्चही वाढतो. तो भागवून वर शिल्लक पडलीय, म्हणजे तुम्ही यापेक्षा बरंच जास्त खात आलाय.”

त्यांनी 51 प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. 1985मध्ये स्टंकार्ड आणि मेसिक यांनी तयार केलेली. खाण्याला मुरड घालणं, खाताना ताबा सुटणं आणि भूक या तीन गोष्टी ती वेगवेगळ्या मोजते. मी भुकेत कमी आणि ताबा सुटण्यात भरपूर निघालो. मोठेपणी वाढणाऱ्या वजनाशी या तिघांत सगळ्यात घट्ट नातं ताबा सुटण्याचंच दिसतं, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर सहा आठवडे वही. काय खाल्लं, किती वाजता, कोणाबरोबर आणि खाण्याआधी भूक दहापैकी किती. पहिला आठवडा मी चक्क खोटं लिहिलं. कॅशबुकात कधी केलं नाही ते इथे केलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र एक नोंद रोज दिसायला लागली: पावणेपाच, भजी किंवा भडंग, भूक दोन. कॅश टॅली झाली की शिपाई चहा सांगायचा आणि त्याबरोबर पुडा सुटायचा. भुकेशी त्याचा काही संबंध नव्हता, ते सुटकेचं खाणं होतं. टॅली नाही झाली तर त्याहून जास्त.

दुसरी नोंद एकादशीची. आईमुळे धरलेली, मोडवत नाही. दिवसभर संयम, संध्याकाळी खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू, दुसऱ्या दिवशी बारस सोडायच्या नावाखाली चार पोळ्या. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घरातच तयार झाली असावी.

मग फाइल पुन्हा उघडली. वजन सारखं चढत गेलंच नव्हतं, टप्प्याटप्प्याने चढलं होतं. जतला तीन वर्षं एकटा होतो, तिथे 61 वरून हललं नाही. खानावळीत ताट ठरलेलं, वेळ ठरलेली, मागायला संकोच. नोटाबंदीआधी 70 होतो, 2017च्या चिठ्ठीत 75. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारचं जेवण काउंटरमागे सात मिनिटांत उरकायचो आणि रात्री उशिरापर्यंत नोटा मोजताना वडापाव. रांगा संपल्या, सात मिनिटांचं जेवण मात्र राहिलं. घरीसुद्धा.

बाईंनी पथ्याचा तक्ता दिला नाही, याचा मला आधी रागच आला. तीनच गोष्टी: जेवण वीस मिनिटं चाललं पाहिजे, टॅलीनंतर नुसता चहा, एकादशीला दुपारी पोटभर खायचं. वीस मिनिटं सगळ्यात अवघड गेली. घास चावताना कंटाळा येतो, हे पन्नाशीत कळलं.

चौदा महिन्यांत 73. दिवाळीत 75, आता 74. शाखेतली मंडळी अजून पुडा पुढे करतात, कधी एक भजं घेतो. घरी हिची तक्रार वेगळीच आहे, माझ्या ताटापायी भांडी उशिरा पडतात म्हणे.