कोरोची नक्कल: झाड एकदाचं (अर्धं) जमलं

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार कोरो, त्याच्या एका तैलचित्राची नक्कल करतोय. मागच्या नोंदीतलं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं झालेलं झाड खरवडून टाकलं. म्हणजे त्याच्या 'मोर्तफोंतेनची आठवण' या चित्रातलं उजवीकडचं थोरलं झाड. मूळ चित्र 65 बाय 89 सेंटिमीटरचं, माझं निम्मं, तरी या एका झाडाने तीन रविवार खाल्ले.

मी आपला सॅप ग्रीन आणि व्हिरिडियन हे हिरवे, उंबर हा तपकिरी, असे रंग कालवत हिरवा शोधत बसलो होतो. शेवटी वैतागून मोबाइलवर चित्राचा काळा-पांढरा फोटो काढला आणि कपाळावर हात मारला. झाडाची कड पत्रा कापून आभाळावर चिकटवल्यासारखी! कोरो वहीत लिहून गेलाय की आधी आकार, मग टोन, म्हणजे रंगाचा फिकट-गडदपणा. रंगाचा नंबर त्यानंतर. पंचविशी उलटेपर्यंत कापड दुकानात राबलेला माणूस. करड्याची नजर तिथेच बसली असेल, हा आपला माझा तर्क.

परवा आभाळासाठी कालवलेला करडा पॅलेटवर उरला होता. त्यातच चिमूटभर उंबर आणि नखभर व्हिरिडियन घातलं आणि झाडाला हात घातला. आभाळ ओलं होतं, तेवढ्यात कडेची पानं त्यात ओढली. मग आभाळाचे ठिपके पानांत परत पेरले. खालच्या फांदीजवळचा दोन इंचांचा तुकडा असा धुरकट उतरला की बघता बघता चहा गार झाला.

फॅन ब्रशच्या नादी लागू नका. झिजून फाटलेला चार नंबरचा हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचा), जवळजवळ कोरडा, तोच कामाचा. नुसत्या टिटॅनियम पांढऱ्याने सगळं खडूसारखं होतं. कोरोकडे लेड व्हाइट, म्हणजे शिशाचं पांढरं होतं. ते विषारी आणि घरात लहान मूल, म्हणून मी झिंकचं पांढरं मिसळतोय. झिंकला पुढे तडे जातात, ठाऊक आहे. पण हे काही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात टांगायचं नाही. ऑनलाइन मागवलेला कॅनव्हास मात्र तेल नुसतं पितो. जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन हात द्यावे लागले. पुण्यातल्या पावसात रंग वाळत नाही, या कामाला ते बरंच.

आता डावीकडची बाई आणि दोन मुलं घेणार होतो. पण लिहिता लिहिता कोरोचा 'नार्नीचा पूल' आठवला. 1826चा, इटलीत जागेवर बसून कागदावर केलेला कच्चा अभ्यास, जेमतेम 34 बाय 48 सेंटिमीटरचा. त्यावरून रचलेलं मोठं चित्र 1827च्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात लागलं, ते आता कॅनडात ओटावात आहे. मला मात्र तो कच्चाच आवडतो. त्यात पानांची भानगड कमी, निव्वळ ऊन आणि टोन. मोर्तफोंतेन 1864चं, म्हणजे मी अडतीस वर्षं पुढच्या यत्तेत जाऊन बसलो होतो की!

तेव्हा बाई थांबेल. कागदाला जेसो लावून पंख्याखाली ठेवलाय, उद्या पूल.