डिझायनर न उघडता जीयूआय लिहायला शिकताना

जीयूआय, म्हणजे खिडक्या आणि बटणांचा प्रोग्राम, लिहायला शिकायचं असेल तर निदान पहिली खिडकी तरी हाताने लिहावी, असं माझं आता ठाम मत झालंय. कॉलेजात आम्हाला जावा भाषा होती आणि नेटबीन्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं ओढून फॉर्मवर टाकायची सोय, म्हणजेच डिझायनर, त्यामुळे सबमिशन पटापट व्हायची. पण खाली जो कोड आपोआप तयार व्हायचा तो राखाडी पट्ट्यात कुलूपबंद, बदलता यायचा नाही, आणि वाचायला गेलं तर ग्रुपलेआउट या जावाच्या मांडणीच्या पद्धतीचे कंसात कंस. फॉर्म छान दिसायचा पण तो तसा का दिसतो हे वर्गात कुणाला सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

आम्ही राहतो पुण्यात धायरीला, उन्हाळ्यात सोसायटीला टँकरशिवाय भागत नाही, आणि सेक्रेटरी काकांना टँकरच्या नोंदी ठेवायला काहीतरी साधं हवं होतं. तारीख, टँकरवाला, किती लिटर, पैसे दिले की नाही, बास. मला पायथन येत होतं, विंडोजवर त्याच्याबरोबर खिडक्या बनवायचं टीकेइंटर आयतंच येतं, म्हणून तेच घेतलं. यातलं टीके हे जॉन ऑस्टरहाउट यांनी टिकल भाषेसाठी केलेलं, तीस वर्षं उलटून गेली तरी ठणठणीत चालतंय. पायथनसोबत ओढाओढीचा डिझायनर येत नाही, मग काय, एकेक ओळ हातानेच लिहायची.

आणि तिथेच खरी गंमत सुरू होते, कारण लिहायला बसलं की कळतं खिडकी म्हणजे चित्र नाहीये, डब्यात डबे आहेत. बाहेर एक फ्रेम, तिच्यात वरती फॉर्मची फ्रेम, खाली यादीची, आणि प्रत्येक डबा आपल्या आईबापाला सांगतो की मला एवढी जागा लागेल, मग लेआउट मॅनेजर ती वाटतो. ग्रिड हा ओळी-कॉलमांत मांडणारा लेआउट मॅनेजर, त्यात प्रत्येक कॉलमला वेट (जास्तीच्या जागेतला वाटा) असतं आणि ते मुळात शून्य असतं, म्हणून खिडकी ताणली तरी सगळा फॉर्म वरच्या कोपऱ्यातच बसून राहतो. कॉलमला वेट 1 द्या, विजेटला (बटण, यादी असा खिडकीतला घटक) स्टिकी द्या, म्हणजे कुठल्या कडांना चिकटायचं ते सांगा, की यादी खिडकीबरोबर पसरायला लागते. शिकताना प्रत्येक फ्रेमला वेगवेगळा भडक रंग देऊन बघा, कुणाची हद्द कुठे संपते ते लगेच दिसतं. आणि एकाच फ्रेममध्ये पॅक (दुसरा लेआउट मॅनेजर) आणि ग्रिड एकत्र करू नका, टीके सरळ एरर देतं.

बटणाचंही तसंच. दाबल्यावर काय चालवायचं ते बटणाच्या कमांडमध्ये सांगतात, तिथे फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस लावले तर बटण दाबायच्या आधीच, खिडकी तयार होतानाच ते चालून जातं. हे एकदा समजलं की इव्हेंट लूप (क्लिकची वाट बघत सतत फिरणारं चक्र) म्हणजे काय ते पण समजतं, आणि फंक्शनमध्ये स्लीप (थोडा वेळ थांबायची सूचना) टाकली की खिडकी का गोठते हेही.

मराठी लेबलं टाकली तेव्हा तर मला हाताने लिहिण्याची किंमत पुरेपूर पटली. काकांना सगळं मराठीतच हवं होतं. 'पैसे द्यायचे बाकी' हे 'ड्यू' पेक्षा कितीतरी लांब, पिक्सेल मोजून जागा दिली असती तर अर्धं कापलं गेलं असतं, ग्रिडने आपणहून कॉलम रुंद केला. मात्र ट्रीव्ह्यूची (नोंदींची यादी दाखवणारं विजेट) ओळ तसं करत नाही, तिची उंची मुळात 20 पिक्सेल ठरलेली, फॉन्ट कुठलाही असो. मोठ्या अक्षरात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात, 'कुलकर्णी' मधला उकार दिसेना. उपाय सोपा आहे, फॉन्टलाच विचारायचं तुझी एक ओळ किती उंच, आणि त्यात थोडी भर घालून ती रोहाइट (ओळीची उंची) म्हणून स्टाइलमध्ये द्यायची.

परवा काका म्हणाले, "अरे, अक्षरं जरा मोठी कर ना, चष्मा लावूनही दिसत नाही." मी म्हटलं, थांबा काका, आत्ता करतो. सगळ्यांना एकच फॉन्ट दिलेला होता, 11 चा 15 केला, ॲप परत चालू केलं, आणि लेबलं, रकाने, ओळी सगळं आपापल्या जागी मोठं होऊन बसलं. काकांनी लगेच पुढची फर्माईश केली, टँकर किती वाजता आला त्याचाही रकाना हवा, तो आज रात्री टाकतोय.