चहातलं दूध आणि ४१२ नंबर

इथे इंग्लंडमध्ये आम्ही तिघी एका घरात राहतो आणि एकच फ्रीज वापरतो. वरचा कप्पा व्हीगन, म्हणजे दूधदुभतंही न घेणाऱ्या मैत्रिणीचा, खालचा एका शेतकऱ्याच्या मुलीचा, त्यात मांस असतंच. मधला माझा. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण वाटणी बरोब्बर झाली. मी जन्मापासून शाकाहारी, दूध, दही, चीज सगळं चालणारी. त्यामुळे या दोघींचं जुंपलं की मी चहाचा कप घेऊन मधे पंचासारखी बसायचे. मांस मी खात नाही म्हणजे माझ्यावर आरोप नाही, आणि कुणाला उपदेशही करत नाही म्हणजे मी भली. फार सुखाची जागा होती ती.

भांडणाची सुरुवात नेहमी ठरलेली. खालचा कप्पा म्हणणार, माणसाला सुळे कशाला दिलेत मग? वरचा कप्पा म्हणणार, गोरिलाचे सुळे बघ, आणि तो दिवसभर पालाच चघळतो. मग प्रोटीन, मग बी-१२. बी-१२ वर व्हीगन मैत्रीण कधी उगाच हुज्जत घालत नाही. ते जीवाणू तयार करतात, वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, म्हणून ती गोळी घेते आणि तसं सरळ सांगते. गोळी घ्यावी लागते तो आहार नैसर्गिक कसा, यावर शेतकऱ्याच्या मुलीचा जोर असतो. मला स्वतःला हा 'नैसर्गिक'चा मुद्दा दोन्हीकडून पोकळ वाटतो. फ्रीजसमोर उभं राहून निसर्गाच्या गप्पा काय मारायच्या?

एका रविवारी मात्र व्हीगन मैत्रिणीने तोफ माझ्याकडे वळवली. "तू का हसतेयस? गाय दूध का देते, कधी विचार केलायस?"

आता हे काय विचारणं झालं? पण खरं सांगायचं तर नव्हता केला. म्हणजे, गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही हे कुणाला माहीत नसतं? मला फक्त त्याचा पुढचा हिशेब कधी मांडावासा वाटला नव्हता. दूध सुरू राहायला गाय साधारण दरवर्षी व्यावी लागते. म्हणजे दरवर्षी एक वासरू. त्यातली निम्मी गोऱ्हे. दुधासाठी पैदास केलेल्या जातीच्या गोऱ्ह्याच्या अंगावर मांस फारसं चढत नाही आणि दूध तर तो देणारच नाही. मग तो जातो कुठे?

मी शेतकऱ्याच्या मुलीकडे बघितलं. म्हटलं, ही तरी खोडून काढेल. ती कधी नव्हे ते दुसरीची बाजू घेत म्हणाली, "बरोबर आहे तिचं. आमच्याकडे या, दाखवते."

आईला फोनवर हे सांगितलं तर ती वेगळ्याच गोष्टीत अडकली. "दूधसुद्धा नाही? मग ती मुलगी चहा कसा पिते?"

गोठ्याला जायच्या आधी मी थोडं वाचलं, आणि पहिल्याच फटक्यात माझी पंचाची खुर्ची गेली. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इथेच, इंग्लंडमध्ये जन्मला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे काही सोबती शाकाहारीच होते. दुधाशिवाय राहणाऱ्यांसाठी शाकाहारी मंडळाच्या पत्रिकेत थोडी जागा द्या, एवढीच त्यांची मागणी होती. ती मिळाली नाही, म्हणून त्यांनी वेगळी संस्था काढली आणि 'व्हेजिटेरियन'ची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन इंग्रजी अक्षरं जोडून नाव केलं. म्हणजे या शब्दाचं मूळ भांडण मांस खाणाऱ्यांशी नव्हतंच. ते माझ्यासारखीशी होतं.

गोठा स्वच्छ होता. हे मुद्दाम सांगते, कारण मी मनातल्या मनात वाईटाची तयारी करून गेले होते. मैत्रिणीचे बाबा चालीवरून गाय ओळखतात. एक थोडी लंगडत होती, तर आमच्याशी बोलता बोलता त्यांचं अर्धं लक्ष तिच्या खुराकडेच. आदल्या रात्री एक गाय अडली होती आणि ते पहाटेपर्यंत तिच्याजवळ बसून होते. तिला गोऱ्हा झालेला. तो बाजूला एका पांढऱ्या प्लास्टिकच्या खोपटात, गवताच्या काडावर पाय दुमडून बसला होता. चीक त्याला पोटभर पाजलेला, पण बाटलीने. कानात नवीकोरी पिवळी पट्टी, कानाच्या मानाने फारच मोठी. शेवटचे आकडे ४१२.

मी हात पुढे केला तर त्याने दोन बोटं तोंडात घेतली. वरच्या बाजूला पुढचे दात नव्हते, नुसती कडक हिरडी, आणि जीभ खरखरीत. ओढ इतकी जबरदस्त की बोटं सोडवायला दुसरा हात लावावा लागला. पलीकडे, लोखंडी फाटकामागे, एक गाय मान उंचावून हंबरत होती. मी विचारलं नाही, तरी बाबांनीच सांगितलं. "लवकर वेगळं केलं की दोघांना कमी त्रास होतो. आठवडाभर एकत्र ठेवून मग तोडलं तर जास्त ओरडतात." त्यात तथ्य आहे, त्यावर अभ्यास झालेत. पण कमी त्रास म्हणजे किती, हे त्या आवाजावरून मला काही कळलं नाही.

गोऱ्ह्यांची संख्या कमी व्हावी म्हणून आता नर-मादीनुसार वेगळं केलेलं वीर्य वापरतात, त्यातून बहुतेक कालवडीच होतात. ज्या गायींची कालवड नकोच आहे, त्यांना मांसाच्या जातीचं वीर्य देतात, म्हणजे वासराला गिऱ्हाईक मिळतं. पूर्वी अशा गोऱ्ह्यांना जन्मतःच गोळी घालायचे, ते प्रमाण त्यामुळे खूप उतरलं. सुधारणाच आहे ही. पण सुधारणा म्हणजे काय, तर गोऱ्हा आता वाढवून मग कापला जातो. इथल्या गोमांसाचा मोठा हिस्सा असा दुधाच्या गोठ्यांतूनच येतो. आणि गायीचंही तेच. एरवी वीसेक वर्षं जगू शकणारी गाय तीन-चार वेतं झाली, दूध उतरलं किंवा गाभण राहिना झाली की त्याच ट्रकमध्ये चढते. भाकड गाय पोसायला कुणालाच परवडत नाही. मी ज्याला दुधाचा धंदा समजत होते आणि मांसाचा दुसरा, तो एकच गोठा निघाला, फाटकं फक्त दोन.

परत आल्यावर व्हीगन मैत्रिणीने विजयी मुद्रेने आणखी एक आकडा पुढे सरकवला. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा २०१८ सालचा अभ्यास, ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांवरचा. १०० ग्रॅम प्रोटीनमागे किती हरितगृह वायू बाहेर पडतात, याची जगाची सरासरी त्यात आहे. मांसासाठीच पाळलेल्या गुरांचं मांस अव्वल, सुमारे ५० किलो. त्यात आश्चर्य नाही. पण चीज जवळजवळ ११, डुकराचं मांस साडेसातच्या आसपास आणि कोंबडी सहाच्याही आत! टोफू दोन. कारण साधं आहे. रवंथ करणारं जनावर ढेकरांतून मिथेन सोडतं. डुक्कर, कोंबडी रवंथ करत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी पर्यावरणाच्या नावाने कॉलर ताठ करून कोंबडीवाल्यांच्या ताटाशेजारी चीज खात होते.

पण तिचंही सगळं मी गिळलं नाही. जनावरं माणसाच्या तोंडचा घास खातात, हे ती सरसकट म्हणते ते खरं नाही. जगातल्या जनावरांच्या खाद्यातलं सुमारे ८६ टक्के माणसाला खाताच येत नाही: गवत, काड, कडबा, पेंड. शेतकऱ्याच्या मुलीने मला त्यांच्या मागची टेकडी दाखवली होती. उभा चढ, वीतभर माती, खाली खडक. तिथे नांगर लावला तर पहिल्या पावसात रान ओढ्यात. तिथे डाळ पिकवून दाखव, असं ती म्हणते तेव्हा व्हीगन मैत्रिणीकडेही झटपट उत्तर नसतं. ती म्हणते, पिकवू नका, झाडं वाढू द्या. मग बाबांनी काय करायचं? इथे येऊन दोघी गप्प होतात, आणि आमच्या स्वयंपाकघरात तेवढीच शांतता मिळते.

मी व्हीगन झालेय का, असं विचाराल. नाही. चीज बंद केलं, फारसं जड गेलं नाही. दही सुटत नाही. चहात ओटचं दूध घालून बघितलं; आधी फाटलं, मग कंपनी बदलली, आता सकाळचा चहा त्याचा आणि संध्याकाळचा गायीच्या दुधाचा. आई म्हणते, "हे काय अर्धवट?" आहे अर्धवट. माझा कप्पा अजून मधलाच आहे, फक्त त्यात बसून निवाडे देणं थांबवलंय.

परवा संध्याकाळी शेतकऱ्याची मुलगी घरून आली. मी कप घेऊन बसले होते. सहज विचारलं, "४१२ कसा आहे?"

ती बूट काढता काढता थांबली. "गेला. महिना झाला."

"कुठे?"

"खरंच सांगू?"

मी हो म्हणाले. तिने सांगितलं. दुसऱ्या एका शेतकऱ्याने नेलाय, आणखी दहा-बारा गोऱ्ह्यांबरोबर. दोनेक वर्षांचा होईपर्यंत वाढवतील. खाऊन-पिऊन चांगला आहे म्हणे, अजून दिसेल त्याची बोटं चोखतो.

मग तिने फ्रीज उघडला, दुधाची बाटली काढली आणि विचारलं, "तुला अजून थोडं हवंय?"