ताबानानच्या भातगावात घर: जमीन, पाणी आणि 25 वर्षांचा भाडेपट्टा

बालीच्या दक्षिण किनाऱ्यावरची गर्दी वाढली, भाव चढले, तशी बाहेरच्या लोकांची नजर उत्तरेला डोंगराकडे वळली. बाटुकारू डोंगराच्या (2,276 मीटर) दक्षिण उतारावर ताबानान जिल्ह्यातला पनबेल तालुका आहे. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, गार हवा, भरपूर पाऊस आणि दर दोन-तीन किलोमीटरवर एक छोटं गाव. इथे जागा घेता येईल का, असं अनेक भारतीय विचारतात. राहता नक्की येतं. जमीन मात्र मालकीने मिळत नाही, आणि हे नीट समजून न घेतल्यानेच बहुतेकांचे पैसे बुडतात.

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960 सालचा. पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला 'हाक पाकाई' हा वापरहक्क मिळू शकतो: 30 वर्षं, मग 20 वर्षांची मुदतवाढ, मग 30 वर्षांचं नूतनीकरण. मात्र त्यासाठी व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असे वैध कागद लागतात आणि बालीत सुट्या घराची किंमत किमान 5 अब्ज रुपिया असावी लागते. आपल्या पैशांत हे अडीच कोटींच्या वर जातं. खेड्यातलं साधं घर या आकड्याच्या जवळपासही नसतं. कंपनी काढून 'हाक गुना बांगुनान' हा बांधकामहक्क घ्यायचा, तर परदेशी कंपनीला जमीन-इमारत सोडून 10 अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणुकीचा आराखडा द्यावा लागतो. हौसेच्या घरासाठी हा मार्ग नाही.

उरतो भाडेपट्टा. खेड्यात राहू इच्छिणाऱ्याला माझ्या मते हाच एक सरळ मार्ग आहे.

गावात कुणीतरी दुसरा मार्ग सुचवेलच: जमीन एखाद्या स्थानिकाच्या नावावर घ्यायची आणि बाजूला खासगी करार करून ठेवायचा. हे करू नका. त्याच 1960 च्या कायद्याचं कलम 26 सांगतं, की परदेशी माणसाकडे थेट किंवा आडमार्गाने मालकी नेणारा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. नावापुरता मालक कितीही भला असो. तो गेला की त्याचे वारस दारात उभे राहतात, आणि कागद त्यांच्या बाजूने असतो.

बालीत जमीन 'आरे'मध्ये मोजतात. 1 आरे म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा आर. गुंठ्यापेक्षा किंचित कमी. भाडं 'दर आरे, दर वर्ष' असं सांगतात आणि पूर्ण मुदतीचं एकरकमी मागतात. समजा दर 1 कोटी रुपिया आहे, जागा 5 आरे, मुदत 25 वर्षं. मग रक्कम 1.25 अब्ज रुपिया होते. 1 रुपयाला 185 ते 190 रुपिया धरले तर 66-67 लाख. यावर भाड्याचा 10 टक्के अंतिम आयकर लागतो, म्हणजे 12.5 कोटी रुपिया. कर मालकाचा असतो, पण पुष्कळ मालक 'हातात येणारी रक्कम' सांगतात आणि कर भाडेकरूवर ढकलतात. दर ठरवतानाच हा कर कोण भरणार ते लिहून घ्या.

आता कागद. मालकाकडे 'सर्टिपिकाट', म्हणजे जमिनीचं नोंदणीकृत मालकीपत्र हवं: जुनं हिरव्या मुखपृष्ठाचं किंवा नवं इलेक्ट्रॉनिक. बालीतला 'पिपिल' किंवा जावातला 'गिरिक' हे जुने करपावतीच्या जातीचे कागद. 2021 च्या सरकारी नियमाने नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ती फेब्रुवारी 2026 मध्ये संपली, त्यानंतर मालकीचा पुरावा म्हणून ते चालत नाहीत. सर्टिपिकाट खरं आहे का, त्यावर बँकेचा बोजा आहे का, हे नोटरीमार्फत जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात तपासून घ्यायचं. नोटरी मालकाने आणलेला नको, तुमचा स्वतःचा हवा. करार इंडोनेशियन भाषेत असावाच लागतो, हा 2009 च्या भाषा कायद्याचा नियम आहे. जोडीला इंग्रजी मजकूर ठेवता येतो.

सर्टिपिकाटवर एक नाव असलं तरी घर एकत्र कुटुंबाचं असतं. वडील वारलेले, नोंद अजून त्यांच्याच नावावर, चार भाऊ, त्यातला एक देनपासार शहरात, एक बोटीवर नोकरीला. सर्व वारसांच्या आणि मालकाच्या पत्नीच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. एक गोष्ट भाडेकरूच्या बाजूची आहे: नागरी संहितेच्या कलम 1576 प्रमाणे जमीन विकली गेली तरी चालू भाडेपट्टा तुटत नाही. करारात ते पुन्हा लिहून घेतलेलं बरं.

काही जमिनी सर्टिपिकाट असूनही हात लावण्याच्या नसतात. देवळाच्या खर्चासाठी ठेवलेली 'लाबा पुरा' जमीन आणि परंपरागत गावाच्या मालकीची राहण्याची जागा, यांवर कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत असलं तरी निर्णय 'देसा आदात'चा, म्हणजे त्या परंपरागत गावसंस्थेचा असतो. म्हणून कागद पाहिल्यावर दोन माणसांना भेटायचं. एक 'पर्बकल', हा सरकारी गावाचा प्रमुख. दुसरा 'बंदेसा आदात', हा परंपरागत गावाचा. शिवाय पनबेलच्या वरच्या अंगाला पुरा लुहूर बाटुकारू हे बालीतल्या सर्वांत पवित्र देवळांपैकी एक आहे. अशा देवळांभोवती पावित्र्याचा परीघ मानला जातो आणि त्यात बांधकामावर बंधनं येतात.

झोनिंगचा, म्हणजे कुठल्या पट्ट्यात काय बांधता येतं याचा लेखी दाखला जिल्हा कार्यालयातून घ्यायचा, दलालाच्या मोबाइलवरचा रंगीत नकाशा नव्हे. वस्तीच्या पट्ट्यात घर चालतं. हिरव्या पट्ट्यातल्या आणि संरक्षित भातशेतीच्या जागेवर बांधकाम परवाना मिळत नाही. या परवान्याचं आजचं नाव 'पेबेगे', 2021 पासून तो जुन्या 'इएमबे'च्या जागी आला. 'शेजाऱ्याने बांधलं, तुम्हीही बांधा' हे ऐकून 25 वर्षांचे पैसे भरायचे नाहीत. बांधकामाची उंची बालीत साधारण 15 मीटरपर्यंत, म्हणजे माडाच्या उंचीइतकी मर्यादित आहे. नदीकाठ आणि दरीच्या कडेपासून ठराविक अंतर सोडावं लागतं, आणि दलाल 'दरीचं दृश्य' म्हणून नेमक्या याच जागा विकतात.

भातशेतीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. इथल्या पाण्याचं वाटप 'सुबाक' ही शेतकऱ्यांची संस्था करते. खानदेशातली फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल: बंधारा सामाईक, पाट सामाईक, पाळी ठरलेली आणि भांडण मिटवायला पंच. सुबाकच्या प्रमुखाला 'पकासेह' म्हणतात. पाटात 'तंबुकू' नावाचे खाचांचे विभाजक बसवलेले असतात. खाचेच्या रुंदीप्रमाणे प्रत्येकाचा वाटा पडतो. पेरणी कधी, खंड कधी, हे मिळून ठरतं, कारण शेजारची शेतं वेगवेगळ्या वेळी पिकली तर उंदीर आणि कीड एका शेतातून दुसऱ्यात जात राहतात. पनबेलमधल्या जातिलुविह गावचा लाल तांदूळ उंच वाणाचा, त्याला पाचएक महिने लागतात. 2012 साली युनेस्कोने बालीच्या सुबाकचा जागतिक वारशात समावेश केला, त्यात बाटुकारूच्या उताराचा हा भाग आहे.

आता एका पायरीवर कुणी भराव घालून भिंत बांधली, तर काय होतं? वरच्या शेताचं पाणी खाली उतरतं ते त्याच पायरीतून. वाट बुजली की वर पाणी साचतं, खाली कोरडं पडतं आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो. एका घरामुळे खालचे पाच-सहा शेतकरी अडचणीत येतात, मग तेही जागा भाड्याने द्यायला निघतात. म्हणून मी मनापासून सांगते: कागदावर परवानगी दिसली तरी चालू भातशेत घेऊ नका. वस्तीतली जुनी परसबाग, नारळ-कॉफीची जागा किंवा रिकामं घर शोधा. घेतलेल्या जागेतून पाट जात असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस चालेल एवढी वाट सोडा आणि भिंत उभारण्याआधी पकासेहला बोलावून दाखवा.

रस्ता हा दुसरा मोठा घोटाळा. जागेपर्यंतची वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर तिचा हक्क नोटरीच्या करारात स्वतंत्र लिहिलेला हवा. तोंडी परवानगीवर सिमेंटचा ट्रक एकदा जातो, दुसऱ्यांदा अडवला जातो.

रोजचं जगणं सोपं आहे, पण सवयी बदलाव्या लागतात. खेड्यातल्या घराला वीज बहुधा 900 किंवा 1300 व्होल्ट-अँपिअरची असते. 1300 म्हणजे 6 अँपिअर. पाण्याचा पंप, भाताचा कुकर आणि एसी एकत्र लावले की बटण पडतं. 2200 ची जोडणी मागून घ्या. मीटर बहुतेक प्रीपेड, त्यात टोकनचे आकडे भरायचे. 3 किलोचा हिरवा गॅस सिलिंडर गरीब कुटुंबांच्या अनुदानाचा आहे, तुम्ही 5.5 किंवा 12 किलोचा घ्या. पिण्याला 19 लिटरचा 'गालोन', वापरायला झऱ्याचं गावपाणी. पावसाळ्यात ते गढूळ येतं, म्हणून टाकीआधी गाळणी हवीच. तालुक्याला 'पुस्केसमास' आरोग्य केंद्र असतं, पण बालीतलं सर्वांत मोठं रुग्णालय देनपासारला, रस्त्याने साधारण दीड तास. हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण घरात असेल तर हे गाव निवडू नये.

वाडीच्या संघटनेला, 'बांजार'ला, बाहेरच्या रहिवाशाने ठरलेली वर्गणी द्यायची. 2019 च्या प्रांतिक नियमात अशा परदेशी रहिवाशाला 'तामिऊ' म्हटलं आहे. न्येपीच्या, म्हणजे बालीतल्या मौनाच्या दिवशी सकाळी 6 पासून 24 तास दिवा नाही, आवाज नाही, घराबाहेर पडणं नाही, विमानतळही बंद. हे परदेशी माणसालाही लागू असतं.

भारतात राहणाऱ्याने भारतातल्या नियमांचीही बाजू पाहावी. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा परदेशी भाडेपट्टा परकीय चलन कायद्याच्या (फेमा) नियमांत स्थावर मालमत्ता धरला जातो. पैसे बँकेतून, उदारीकृत प्रेषण योजनेच्या वार्षिक 2,50,000 डॉलरच्या मर्यादेतच पाठवायचे. वर्षाला 10 लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. तो आयकरात वळता होतो. ही मालमत्ता विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावीच लागते.

पहिलं वर्ष साध्या वार्षिक भाड्याने तयार घर घ्या आणि पूर्ण पावसाळा काढा. छप्पर कुठे गळतं, वाट कधी बंद होते, मालकाचे भाऊ किती, हे त्या वर्षात कळतं. मग मोठा करार केलात तर मुदतवाढीचं कलम नीट वाचा. 'त्या वेळच्या बाजारभावाने' एवढंच लिहिलं असेल तर ते वाढीचं आश्वासन नव्हे. दर कसा ठरवायचा, कुणाच्या मूल्यांकनाने आणि मुदत संपण्याच्या किती महिने आधी कळवायचं, हे तिन्ही हवं. मुदत संपली की इमारत बहुतेक करारांत मालकाकडे जाते. म्हणून कौलारू छप्पर, विटांच्या भिंती आणि वाळवीला दाद न देणारं लाकूड, एवढंच 25 वर्षांत फिटेल असं बांधा. गवती छपराचा आणि तलावाचा खर्च त्या मुदतीत वसूल होत नाही.